वर्षभराच्या हातकामाचा हिशेब: संकल्प वस्तूंचा, मोजणी तासांची

‘यंदा एक वाकळ शिवायची, क्रोशाचं तोरण पुरं करायचं, कर्नाटकी कशिदा शिकायचा.’ १ जानेवारीला वहीत एवढं लिहायला दोन मिनिटं पुरतात. जूनमध्ये पावसाची झड लागते तेव्हा वाकळीच्या, म्हणजे गोधडीच्या, साड्या ट्रंकेतच असतात आणि तोरणाची चार फुलं कुठल्यातरी पिशवीच्या तळाशी. याला आळस क्वचितच कारण असतो. संकल्प वस्तूच्या नावाने लिहिला जातो, पण त्या वस्तूला किती तास लागतील आणि वर्षात हाताशी किती तास आहेत, हे कुणी मोजलेलं नसतं. म्हणून हा सगळा लेख मोजणीबद्दल आहे. उदाहरणाला वरच्याच तीन गोष्टी घेऊ, कारण कोल्हापुरात हातकाम करणाऱ्या बहुतेक घरांत यांतली एखादी तरी अर्धी पडलेली असते.

आधी वेळ. वर्षाचे ५२ आठवडे धरायचे नाहीत. गौरी-गणपतीचे दोन गेले, नवरात्र ते दिवाळी या साफसफाई-फराळाच्या धांदलीत चार गेले, मुलांच्या परीक्षा, लग्नसराई, पै-पाहुणे आणि आजारपण मिळून आणखी सहा. उरले ४०. आठवड्यातून चार संध्याकाळी, जेवणं उरकल्यावर ४० मिनिटं बसता येतं असं धरलं तर आठवड्याला २ तास ४० मिनिटं होतात आणि ४० आठवड्यांना १०६ तास. रोज दोन तास बसेन असं लिहू नका. कागदावर ते छान दिसतं, पण पहिल्या पाहुण्याबरोबर मोडतं आणि एकदा मोडलं की वहीच उघडावीशी वाटत नाही.

या १०६ तासांतले २० बाजूला काढून ठेवा. साडीला फॉल-पिको, उसवलेली शिवण, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा पोशाख यात थोडे जातातच. शिवाय एखादी भाची येऊन म्हणते, ‘मावशी, पुढच्या महिन्यात ताईचं लग्न आहे, रुखवतात ठेवायला काहीतरी करून दे ना.’ तिला नाही म्हणवत नाही. म्हणून ते तास आधीच राखून ठेवलेले बरे. हिशेबाला धरायचे ते साधारण ८५.

आता कामाचा वेग. हा कुणाला विचारून कळत नाही, व्हिडिओ बघूनही कळत नाही, कारण तो ज्याच्या-त्याच्या हाताचा असतो. मोजायची रीत सोपी आहे. क्रोशाचं फूल असेल तर पहिलं फूल मोजू नका, ते नमुना समजून घेण्यात जातं. तिसरं फूल घड्याळ लावून विणा आणि ती वेळ धरा. वाकळ असेल तर जेवढे थर घेणार तेवढ्याच थरांचा हातभर तुकडा घ्या, अर्धा तास धावदोरा घाला आणि किती लांबी झाली ते टेपने मोजा. एका थरावर मोजलेला वेग चार थरांवर चालत नाही. तिथे सुई निम्म्याने मंदावते.

वाकळीचं गणित सविस्तर मांडते, कारण संकल्प सगळ्यांत जास्त इथेच फसतो. पुण्या-मुंबईकडची गोधडी ती आपल्याकडची वाकळ. एका माणसाच्या पांघरुणाचं माप १५० सेंमी रुंद, २१० सेंमी लांब धरू. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि ११० सेंमी पन्ह्याची, म्हणजे रुंदीची, असते. वाकळीची लांबी साडीच्या पन्ह्यातून काढायची. १५५ सेंमीचे दोन तुकडे काठाला काठ जोडले की जोडाचे दोन सेंमी जाऊन २१८ सेंमी लांब आणि १५५ रुंद असा एक थर होतो. सहावारीत असे तीन तुकडे बसतात. नऊवारी सव्वाआठ मीटरची, तिच्यात पाच बसतात. म्हणजे एक नऊवारी आणि एक सहावारी घेतली की आठ तुकडे, बरोबर चार थर. वरखालच्या थरांसकट चार पुरेत. पाचवा थर घातला की सुई अडते, अंगुस्तान घालूनही बोट दुखतं आणि वाकळ सोडून देण्याचं ते एक मोठं कारण ठरतं.

सगळे जोड एकाच ठिकाणी आले तर मधोमध आडवी वरवंड उठते आणि तिथे शिवताना सुई वाकते. २१८ मधून २१० काढायचे आहेत, तेव्हा आठ सेंमीची मोकळीक आहे. एका थराचे जास्तीचे आठ सेंमी वरून कापा, दुसऱ्याचे खालून, तिसऱ्याचे दोन्हीकडून थोडे थोडे. जोड आपोआप एकमेकांपासून सरकतात.

दोन सेंमी अंतराने उभ्या ओळी घेतल्या तर सुमारे ७५ ओळी, प्रत्येक २.१ मीटरची. एकूण १५७ मीटर धावदोरा. नवशिक्या हाताचा वेग चार थरांवर तासाला ५ मीटर आला, तर नुसत्या शिवणीला साडेएकतीस तास लागतात. धुणं, कापणं, जोडणं, कच्चे टाके आणि कडेची पट्टी यांचे आठ तास धरा. झाले ४०. वर्षभराच्या ८५ तासांतला जवळजवळ निम्मा वेळ एका वाकळीला जातो. ‘यंदा दोन वाकळी’ असं लिहिणाऱ्याने हा आकडा आधी बघावा. दोराही याच हिशेबात येतो. थरांतून वर-खाली जाताना दोरा सुमारे तीस टक्के जास्त लागतो, म्हणजे एकेरी २०५ मीटर आणि दुहेरी घेतला तर ४१०. रिळावर मीटर छापलेले असतात, ते वाचून एकदमच आणा.

तास कमी पडतायत असं दिसलं तर कुठे कापायचं? ओळींतलं अंतर दोनाऐवजी तीन सेंमी करा. ५० ओळी, १०५ मीटर, २१ तास. दहा तास वाचले. चार सेंमीच्या पुढे मात्र जाऊ नका. मधले थर धुताना सरकून गोळा होतात आणि मग ती वाकळ पांघरायच्या कामाची राहत नाही. पहिल्यांदाच हात घालत असाल तर बाळाचं दुपटं घ्या, ९० बाय ९० सेंमी. साडीच्या पन्ह्यात ते जोड न देता बसतं आणि एका सहावारीत ९५ सेंमीचे पाच तुकडे निघतात. दोन सेंमी अंतराने ४५ ओळी, ४० मीटर, आठ तास. यातून खरा वेग कळतो आणि मोठ्या वाकळीचा आकडा त्यावरून पुन्हा मांडता येतो.

कापड निवडताना साडी उजेडासमोर धरा. घडीच्या जागी कापड विरलेलं असेल तर चाळणीसारखं दिसतं. दोन्ही अंगठ्यांनी आडवं ताणून बघा. टरकन आवाज आला तर तो भाग आत घालायलाही नको, कारण शिवणीच्या रेषेवरच तो फाटतो. सुती आणि सिंथेटिक एकत्र करू नका, सिंथेटिक थर निसटतो आणि घामही शोषत नाही. लाल, जांभळ्या, गडद हिरव्या कापडावर ओलं पांढरं फडकं दाबून बघा. डाग उठला तर त्या कापडाला वाकळीत जागा नाही. अस्तराला नवं मांजरपाट घ्यायचं असेल तर इचलकरंजी तीसेक किलोमीटरवरच आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला तेव्हापासून हा पट्टा सुती कापडाचा आहे. मग बाकीच्या तीन थरांना दोन सहावारी पुरतात. मात्र नवं मांजरपाट आटतं. रात्रभर पाण्यात बुडवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. जुनी साडी आता आटत नाही, नवं अस्तर आटतं, आणि पहिल्याच धुण्यात वाकळीला सुरकुत्या पडतात त्या जात नाहीत.

थर अंथरताना फरशी पुसून कोरडी करा. सगळ्यांत खालच्या थराचे कोपरे चिकटपट्टीने फरशीला ताणून लावा, वरचे थर मधून कडेकडे हात फिरवत अंथरा आणि वीतवीत अंतरावर लांब कच्चे टाके घाला. पक्की शिवण मधल्या ओळीपासून सुरू करून दोन्ही कडांकडे न्या. गावाकडे चौकटीत कडेकडून आत येत शिवण्याचीही रीत आहे. ती सुंदरच दिसते, पण तिथे हातच पुढचं कापड सारखं करत जातो आणि तो हात वर्षांच्या सरावाने येतो. सराव नसताना कडेकडून आत आलं की शेवटी मधे फुगा राहतो आणि तो घालवायचा तर शंभर मीटर उसवावं लागतं. टाका तांदळाच्या दाण्याएवढा असावा. त्याहून मोठा घेतला तर पायाच्या अंगठ्यात अडकून तुटतो.

तोरणाचं गणित लहान, पण माप चुकण्याची भीती जास्त. दाराची चौकट ९० सेंमी असेल आणि एक फूल १० सेंमीचं, तर नऊ फुलं. एका फुलाला ५० मिनिटं, म्हणजे साडेसात तास. जोडायला प्रत्येकी दहा मिनिटं, दीड तास. वरच्या साखळ्या-खांबांच्या पट्टीला अडीच, दहा गोंड्यांना अडीच. झाले १४. याच्यावर पावपट वाढवा, कारण दोरा संपतो, गुंता होतो, एखादं फूल उसवावं लागतं. १८ धरा.

फुलाचा नमुना विणला की तो धुऊन, वाळवून मगच मोजा. सुती दोरा धुतल्यावर बदलतो आणि नऊ फुलांत प्रत्येकी अर्धा सेंमीचा फरक पडला की तोरण साडेचार सेंमीने चुकतं. टांगल्यावर गोंड्यांच्या वजनाने मध्यभाग लोंबतो, तोही धरायला हवा. यावर उपाय म्हणजे बरोबर ९० सेंमीची जाड सुती पट्टी कापून तोरणाची वरची कड मागून तिच्यावर टाचून घ्यायची. ताण पट्टी घेते, विणकामावर येत नाही.

दोरा वजनावर मोजायची सवय लावा. स्वयंपाकघरातला छोटा काटा पुरतो. ५० ग्रॅमच्या गुंड्यावर १५० मीटर लिहिलेलं असेल आणि उरलेला गुंडा १८ ग्रॅम भरला, तर ५४ मीटर शिल्लक आहेत. एक फूल ४ ग्रॅमचं भरलं तर त्यात चार फुलं निघतील, पाचवं अर्ध्यात अडेल. हे आधी कळलं तर दुकानात एकच फेरी होते. महाद्वार रोडला दोरा घ्यायला जाल तेव्हा नमुन्याचं फूल बरोबर न्या आणि रंग दुकानाच्या दिव्याखाली ठरवू नका, बाहेर उजेडात येऊन बघा. लेबलावरचा लॉट नंबर सगळ्या गुंड्यांना एकच हवा. रंगाचं नाव तेच असलं तरी लॉट बदलला की छटा बदलते, आणि पांढऱ्यात तर हा फरक सगळ्यांत जास्त डोळ्यांवर येतो.

‘यंदा नवीन लोकर घ्यायचीच नाही’ असा संकल्प फार जण करतात. तो टिकत नाही. ‘हातातल्या कामापुरतंच घ्यायचं, वर एक गुंडा राखीव’ हा टिकतो. आणि कोल्हापूरकरांनी जाड लोकरीचा मोह आवरावाच. इथली थंडी दोन महिन्यांची, तीही सकाळ-संध्याकाळची. जाड स्वेटर वर्षातले दहा महिने कपाटात बसतो. तेवढ्याच मेहनतीत सुती दोऱ्याची शाल झाली तर ती पावसाळ्यातही अंगावर येते.

शिकण्याचा संकल्प सगळ्यांत निसरडा असतो. ‘कशिदा शिकायचा’ म्हणजे नेमकं काय झालं की शिकलं म्हणायचं? कर्नाटकी कशिदा धारवाडकडचा, आपल्या सीमेपलीकडचा, आणि त्याचे टाके चारच आहेत. त्यामुळे त्याची वाटणी छान करता येते. गवंती म्हणजे दुहेरी धावदोरा, जाताना एकाआड एक घर सोडायचं आणि परतताना सुटलेली घरं भरायची. मुर्गी तोच पण पायऱ्यापायऱ्यांचा. नेगी विणल्यासारखा दिसणारा साधा धावदोरा, कन्नडमधल्या विणकामाच्या शब्दावरूनच त्याचं नाव आलं. मेंथी म्हणजे फुलीचा टाका, मेथीच्या दाण्यांवरून. २५ तास असतील तर गवंतीला १०, मुर्गीला ७, बाकी दोघांना चार-चार द्या. गवंतीला सर्वांत जास्त, कारण गोपुर, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन या सगळ्यांची रेघ तिच्यातूनच निघते.

यात कसोटीही नेमकी ठेवता येते. पंधरा सेंमीची एक किनार, जिची उलटी बाजू सुलट्यासारखीच दिसते आणि जिला एकही गाठ नाही. किनार मॅटीच्या, म्हणजे ठळक चौकोनी विणीच्या, कापडावर करा, घरं मोजायला सोपी. दोरा कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतच घ्या, त्याहून लांब घेतला तर घासून पिसतो. सहापदरी लडीतले दोन पदर पुरतात. सुई बोथट टोकाची हवी. टोकदार सुई परतताना आधीच्या टाक्याचा दोरा मधून फाडते आणि रेघ केसाळ दिसते. सुरुवातीला गाठ न मारता पाच-सहा सेंमी शेपूट सोडा, ते शेवटी टाक्यांखाली दडवा. बहुतेकांचं काम बिघडतं ते परतीच्या वाटेवर. जाताना बाजूची एखादी फांदी भरायची राहून गेली तर परतताना दोरा तिथे पोचतच नाही. म्हणून कापडाला हात लावण्यापूर्वी चौकटीच्या वहीत पेन्सिल न उचलता तो रस्ता एकदा गिरवा. हे दहा मिनिटांचं काम दोन तासांचं उसवणं वाचवतं. काळ्या कापडावर करायचं असेल, चंद्रकळेवर करतात तसं, तर मांडीवर पांढरं फडकं अंथरा. कापडाच्या घरांतून खालचा पांढरा दिसतो आणि मोजताना डोळ्यांवर ताण येत नाही.

आता हे सगळं ऋतूंवर बसवायचं. इथला जून ते सप्टेंबर ओला, त्यामुळे धुणं, वाळवणं, रंग, खळ ही कामं त्या चार महिन्यांत ठेवूच नयेत. जानेवारी-फेब्रुवारीत तोरण, आठवड्याला २ तास ४० मिनिटांनी १८ तासांना सात आठवडे. मार्च ते मे उजेड भरपूर, तेव्हा गवंती आणि मुर्गी दिवसा खिडकीशी बसून, आणि वाकळीची धुलाई-कापणी-कच्चे टाके मे संपायच्या आत. चार थरांची वाकळ मेमध्ये मांडीवर घेऊन बसवत नाही, पण जूनपासून तिची ऊब हवीशी वाटते. साडेएकतीस तासांना बारा आठवडे, म्हणजे ऑगस्टअखेर. नेगी आणि मेंथी गणपतीनंतर.

तोरण फेब्रुवारीत झालं तरी खळ तेव्हाच देऊन ठेवू नका. खळीच्या कापडाला पावसाळ्यात बुरशी येते आणि कसर लागते. धुऊन, कडक वाळवून सुती पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. लावायच्या आदल्या कोरड्या दिवशी दोन चहाचे चमचे मैदा आधी गार पाण्यात कालवून, एक कप पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवा. मैदा थेट गरम पाण्यात टाकला की गुठळ्या होतात आणि त्या फुलांवर पांढरे ठिपके ठेवतात. थर्माकोलवर टाचण्या लावून फुलं ताणा आणि पंख्याखाली वाळवा. वाळल्याबरोबर टाचण्या काढा. दमट हवेत त्या कापडात राहिल्या तर गंजाचा डाग पडतो आणि तो धुऊन जात नाही. सुयाही पावसाळ्यात कामात टोचून ठेवू नयेत. घट्ट झाकणाच्या डबीत, औषधाच्या बाटलीत येते ती ओल शोषणारी पुडी टाकून ठेवाव्यात.

अर्धवट कामांचं काय? जानेवारीच्या पहिल्या रविवारी ती सगळी एका चादरीवर मांडा. एका वेळी तीनच उघडी ठेवायची: घरात बसून करायचं एक मोठं, पिशवीत मावणारं एक लहान, जे केएमटीच्या बसमध्ये किंवा क्लासबाहेर थांबताना काढता येईल, आणि शिकण्याचं एक. बाकीच्यांना चिठ्ठी टाचा: सुईचा नंबर, दोऱ्याचा लॉट, कुठल्या ओळीवर थांबलं. सुईचा नंबर नसेल तर पुन्हा हातात घेतल्यावर विणीची घट्ट-सैल बदलते आणि जोड कायम दिसतो. ज्याच्याकडे बघून मन लागतच नाही ते उसवा. उसवलेला दोरा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवून सावलीत टांगा. वाकडेपणा जातो आणि दोरा परत वापरता येतो.

जूनअखेर एकदा आकडे तपासा. पहिल्या दहा ओळींना खरंच किती वेळ लागला, ते पाहून उरलेल्या ओळींचं गणित पुन्हा मांडा. मागे पडलात तर वाकळीतलं अंतर वाढवा किंवा मेंथी पुढच्या वर्षावर टाका. रात्री जागून भरून काढू नका. थकलेल्या हाताचा टाका घट्ट ओढला जातो आणि तो सकाळी दिसतो.

राहिलं संक्रांतीचं वाण. हळदी-कुंकवाला २५ छोटे बटवे करायचे असं जानेवारीत ठरवणाऱ्यांची दरवर्षी दमछाक होते. एका बटव्याला ४० मिनिटं धरली तर जवळजवळ १७ तास, आणि १ तारखेपासून संक्रांतीपर्यंत हाताशी असतात साडेपाच. रथसप्तमीपर्यंत ताणलं तरी बहुतेक वर्षी पुरत नाहीत. तेव्हा हे यंदाच्या जानेवारीत लिहूच नका. वहीत ऑक्टोबरच्या पानावर लिहा, राखीव २० तासांतून. एकाच दिवशी २५ चौकोन कापा, दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या नाडीच्या पट्ट्या शिवा, आणि मग दिवाळी संपल्यापासून आठवड्याला चार-चार बटवे पुरे करा.